डॉक्टर मागितला, फार्मासिस्ट मिळाला: बीपी, शुगर आणि गोळ्यांचे हिशेब

कृष्णाकाठ

परवा यूकेच्या गप्पांच्या पानावर एकीने वैतागून लिहिलं होतं की बीपीसाठी जीपीची (इथला फॅमिली डॉक्टर) अपॉइंटमेंट मागितली तर दवाखान्याने फार्मासिस्ट गळ्यात मारला, आता केमिस्ट तपासणार का आम्हाला. खाली पाचसहा जणांनी री ओढली. मी तशीच एक गळ्यात मारलेली फार्मासिस्ट (त्यांच्या दवाखान्यातली नव्हे!) म्हणून हा वेगळा धागा, तिकडे फार अवांतर झालं असतं.

मी मूळची सांगलीची, बी.फार्म. तिकडेच, मग इकडे येऊन ओस्पॅप (परदेशातून आलेल्या फार्मासिस्टसाठीचा कोर्स), ट्रेनिंगचं वर्ष, रजिस्ट्रेशनची परीक्षा, काही वर्षं दुकानात काउंटरमागे, आणि आता लेस्टरच्या बाजूला एका जीपी प्रॅक्टिसमध्ये. दुकानात असताना डॉक्टरने लिहिलंय ते ठीक आहे ना एवढंच बघता यायचं, शंका आली की फोन, फोनवर रिसेप्शनिस्ट, मग बसा वाट बघत. आता पेशंटचं सगळं रेकॉर्ड समोर उघडं असतं, रक्ताचे रिपोर्ट, हॉस्पिटलची पत्रं, दहा वर्षांपूर्वी कुठली गोळी का बंद केली तेही. आणि जादा कोर्स केलेला असल्याने मी स्वतः औषध लिहू शकते, डोस बदलू शकते, बंदही करू शकते. हा अधिकार इथे २००६ पासून आहे, २०२६ पासून नवीन रजिस्टर होणाऱ्या सगळ्याच फार्मासिस्टना मिळणार असं ठरलंय.

जीपी दवाखान्यांत फार्मासिस्ट बसवायचा पायलट प्रयोग एनएचएस इंग्लंडने (इथली सरकारी आरोग्यसेवा) २०१५ साली जाहीर केला. मग २०१९ मध्ये आसपासचे दवाखाने एकत्र करून नेटवर्कं झाली, साधारण ३० ते ५० हजार लोकांमागे एक, आणि त्यांना फार्मासिस्ट, फिजिओ वगैरेंच्या पगाराचे पैसे वेगळे मिळायला लागले. तेव्हापासून आम्ही सगळीकडे दिसायला लागलो.

आता मी करते काय. एक उदाहरण देते, तपशील मुद्दाम बदललेत. ऐंशीला टेकलेल्या एक बाई. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ होती ती १० झाली. दोनेक महिन्यांनी पाय सुजले म्हणून दुसऱ्या कुणीतरी पाणी काढायची गोळी दिली, फ्युरोसेमाइड. त्याने लघवीला सारखं जावं लागायला लागलं, कधी कधी पोचेपर्यंत धीर निघेना, म्हणून तिसऱ्याने लघवी आवरायची ऑक्सिब्युटिनिन दिली. तिने तोंड कोरडं पडलं, पोट साफ होईना आणि थोडं विसरायला व्हायला लागलं. पोटासाठी पावडर चालू झाली. विसरण्यासाठी मेमरी क्लिनिकला पाठवायचं चाललं होतं. प्रत्येकाने आपल्या दहा मिनिटांत समोरची तक्रार निस्तरली, त्या त्या वेळी ते चूकही वाटत नाही. पण तारखा एकाखाली एक लिहिल्या की अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात ही जुनीच गोष्ट डोळ्यांसमोर येते. मला अर्धा तास मिळतो म्हणून तारखा लिहिता येतात. आधी जीपीकडून हार्ट फेल्युअर (हृदय कमजोर पडणं) नाही ना याची खात्री करून घेतली (ते असतं तर फ्युरोसेमाइडला हात लावायचा नसतो), मग अ‍ॅम्लोडिपिन परत ५ वर, जोडीला लोसार्टन (बीपीचीच, वेगळ्या जातीची), दोन आठवड्यांनी रक्तात किडनी आणि पोटॅशियम बघितलं, मग फ्युरोसेमाइड हळूहळू बंद, ऑक्सिब्युटिनिन बंद. बीपी उलट आधीपेक्षा बरं राहिलं.

माझं निम्मं काम असं गोळ्या कमी करायचं आहे. इंग्लंडच्या २०२१ च्या सरकारी अहवालाने म्हटलं होतं की प्राथमिक आरोग्यसेवेत लिहिल्या जाणाऱ्या औषधांतली निदान १० टक्के लिहायची गरजच नव्हती.

विचारा काय विचारायचं ते. फक्त वैयक्तिक सल्ला मागू नका, रेकॉर्ड समोर नसताना मी देत नाही.

गुळपोळी

वाचतेय. चांगला धागा. माझ्या सासूबाईंचे पाय दोन वर्षं सुजताहेत आणि घरातले सगळे मीठ कमी करा म्हणून त्यांच्या मागे लागलेत, त्यांचीही अ‍ॅम्लोडिपिनच आहे. डॉक्टरांना विचारते.

फटकळ फणस

तो मूळ प्रतिसाद माझ्या बायकोचा होता :) त्यामुळे बाजू मांडणं भाग आहे.

ताई, तुम्ही चांगलं काम करत असाल, वाद नाही. पण आमच्याकडे काय झालं सांगतो. मुलाला दम्याचा पंप होता, व्यवस्थित चालू होता, एक दिवस मोबाइलवर मेसेज, तुमचा इनहेलर बदलला आहे. ना फोन ना भेट. नवा पंप जोरात ओढून घ्यायचा असतो, जुना हळू ओढायचा, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. मुलगा आपला नवा पंप हळूच ओढतोय आणि आम्ही म्हणतोय खोकला का वाढला. हेही फार्मासिस्टनेच केलं होतं. म्हणजे लिस्ट काढायची, दोनशे लोकांचं औषध एका फटक्यात स्वस्त किंवा पर्यावरणपूरक करायचं आणि कुठेतरी टिक मारायची.

दुसरं, हा सगळा डॉक्टर परवडत नाही म्हणून केलेला जुगाड आहे. त्या नेटवर्कच्या पैशातून बाकी सगळे ठेवता यायचे, जीपी ठेवता यायचा नाही. ट्रेनिंग पुरं केलेले जीपी काम शोधत फिरत होते. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या जीपींसाठी त्याच योजनेतून पैसे द्यावे लागले. खोटं बोलतोय का?

कृष्णाकाठ

नाही, खरं आहे. दोन्ही.

इनहेलर असा मेसेजवर बदलणं हे वाईटच काम, इनहेलर हातात देऊन, समोर ओढायला लावून बदलायचा असतो. टार्गेटं असतात आणि टार्गेटं आली की काही ठिकाणी माणसाऐवजी यादीच बघितली जाते. तक्रार केलीत का? करा. प्रॅक्टिस मॅनेजरच्या नावाने लेखी.

पैशाचंही खरं. शिवाय अजून एक भर घालते जी तुम्ही म्हणाला नाहीत, आम्ही सगळे दवाखान्यात पळालो म्हणून दुकानांना फार्मासिस्ट मिळेनात. पण म्हणून काम निरुपयोगी ठरत नाही ना. जीपीला दहा मिनिटं मिळतात, त्यात गाठ आलीय, छातीत दुखतंय, नवरा दारू पितो हे सगळं. बारा औषधांची यादी त्यात कोण तपासणार? कुणी तपासत नव्हतं, त्याच त्या गोळ्यांच्या रिपीट चिठ्ठीवर सही होऊन जायची.

डॉ. पारिजातक

नाशिकला जनरल प्रॅक्टिस करतो, त्यामुळे थोडं कडवट लिहिणार, हलके घ्या.

१. अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात हे ओळखायला फार्मासिस्ट लागत नाही, फॅमिली डॉक्टर लागतो. तुमच्याकडे दर वेळी वेगळा डॉक्टर बघतो हा मूळ रोग आहे, त्यावर अजून एक माणूस वाढवणं हा उपाय कसा? माझ्याकडे आजोबा, मुलगा, नातू येतात, मला यादी काढावी लागत नाही.

२. उद्या फार्मासिस्टने लोसार्टन वाढवली आणि पोटॅशियम साडेसहा झालं (म्हणजे धोक्याचं), तर जबाबदारी कोणाची?

३. बीपी कशाने आहे हे कोण बघणार? पस्तिशीच्या माणसाला १७० बीपी असेल तर गोळी वाढवत बसायची नसते, किडनीची रक्तवाहिनी बघायची, हॉर्मोन बघायचे. गोळ्या कळणं वेगळं आणि माणूस तपासणं वेगळं.

४. आपल्याकडे हे आणलं तर काय होईल याचा विचार करून अंगावर काटा येतो. इथे आताच मेडिकलवाला अँटिबायोटिक देतो, गुडघे दुखले तर पाकीट फोडून दोन दोन गोळ्या देतो. त्याला अजून अधिकार?

कृष्णाकाठ

डॉक्टर, कडवट कुठे, नीट लिहिलंय.

३ शी शंभर टक्के सहमत. निदान मी करत नाही. माझ्याकडे येतो तो पेशंट बीपी किंवा शुगर आहे हे ठरून आलेला असतो. तरुण माणूस, एकदम चढलेलं बीपी, वजन आपोआप उतरतंय, असं काही दिसलं की त्याच दिवशी जीपीकडे.

२. जो लिहितो त्याची. मी लिहिलं तर माझी, माझं रजिस्ट्रेशन जाईल. म्हणूनच लोसार्टनसारखं औषध चालू केलं किंवा वाढवलं की एक ते दोन आठवड्यांत रक्त तपासायचं हा नियम आहे, आणि ते तपासलं गेलं का हे बघणं हेच तर आमचं काम. नॉटिंगहॅमच्या लोकांनी ७२ दवाखान्यांत केलेला पिन्सर नावाचा अभ्यास आहे, लॅन्सेटमध्ये २०१२ ला आला. कॉम्प्युटरने धोक्याची प्रिस्क्रिप्शनं शोधायची, जसं की अल्सर होऊन गेलाय आणि पोटाच्या संरक्षणाशिवाय दुखण्याची गोळी चालू आहे, दमा आहे आणि बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी), म्हातारा माणूस एसीई इनहिबिटरवर (बीपीच्या गोळ्यांची एक जात) आणि रक्त तपासलेलंच नाही. अर्ध्या दवाखान्यांना नुसत्या याद्या दिल्या, अर्ध्यांना याद्या आणि सोबत फार्मासिस्ट. सहा महिन्यांनी फार्मासिस्टवाल्या दवाखान्यांत अशा चुका बऱ्याच कमी होत्या. यादी दोघांकडेही होती, फरक ती घेऊन मागे लागणाऱ्या माणसाचा.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगते, फार्मासिस्टमुळे बीपी आणि एचबीएवनसी (गेल्या दोनतीन महिन्यांची सरासरी साखर) खाली येते हे पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. माणसं जास्त जगतात का, हॉस्पिटलच्या फेऱ्या कमी होतात का, तिथे पुरावा तितका ठाम नाही.

१ बद्दल काय बोलू. तुमच्यासारखा डॉक्टर ज्याला आहे त्याला माझी गरज कमी. पण तुमच्याच पेशंटला कार्डिओलॉजिस्ट वेगळा, शुगरवाला वेगळा, हाडांचा वेगळा असेल तर?

लॉस एंजलिसकर

इथला एक किस्सा टाकल्याशिवाय राहवत नाही, किस्सा म्हणजे अभ्यासच आहे, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१८ ला आलाय.

कृष्णवर्णीय पुरुषांत बीपीचं प्रमाण इथे खूप, आणि डॉक्टरकडे जाणं कमी, विश्वासही कमी, त्याला इतिहास आहे. पण न्हाव्याकडे दर दोनतीन आठवड्यांनी जाणार म्हणजे जाणार, वर्षानुवर्षं एकाच खुर्चीत. इथल्या सीडर्स सायनाय हॉस्पिटलचे डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी म्हटलं मग औषध तिथेच नेऊ. ५२ सलून, ३१९ गिऱ्हाइकं, सगळ्यांचं वरचं बीपी १४० च्या वर, सरासरी १५३ च्या आसपास. अर्ध्या सलूनमध्ये न्हावी फक्त सांगणार की बाबा बीपी वाढलंय, खाण्यापिण्याकडे बघ, डॉक्टरकडे जा. उरलेल्या अर्ध्यांत फार्मासिस्ट स्वतः सलूनमध्ये येऊन बीपी मोजणार, डॉक्टरशी आधी केलेल्या कराराप्रमाणे तिथल्या तिथे औषध चालू करणार, रक्ताची तपासणीसुद्धा जागेवर, आणि काय केलं ते डॉक्टरला कळवणार.

सहा महिन्यांनी नुसत्या सल्ल्याच्या गटात बीपी ९ ने उतरलं. फार्मासिस्टच्या गटात २७ ने. १३०/८० च्या खाली आलेले एकीकडे साधारण १२ टक्के आणि दुसरीकडे ६४.

औषधं तीच, अ‍ॅम्लोडिपिन, एआरबी (लोसार्टनच्या जातीची) किंवा एसीई, नाही भागलं तर इंडापामाइड (पाणी काढायची). काही जगावेगळं नाही. आकडे बघून मला तरी असं वाटलं की सल्ला फुकट गेला असं नाही, पण सल्ल्याच्या मागे गोळी वाढवायचा अधिकार असलेला माणूस नसेल तर तो सल्ला ९ वरच अडकतो.

फटकळ फणस

न्हावी वाला प्रकार भारी आहे. आमच्या गावच्या सलूनमध्ये राजकारणावर बोलून उलट बीपी वाढतं.

माणदेशी

सातारा जिल्ह्यात प्रा.आ. केंद्रात औषध निर्माण अधिकारी आहे. हे सगळं वाचून हसू पण येतंय आणि जरा वाईट पण वाटतंय.

आमच्याकडे बाजाराच्या दिवशी ओपीडी शंभराच्या वर जाते. खिडकी एक, माणूस एक. गोळ्या द्यायच्या, ई-औषधीवर (सरकारी ऑनलाइन साठा) नोंद, स्टॉक रजिस्टर, इंडेंट (औषधांची मागणी), एक्स्पायरी बघा, लसीच्या दिवशी लसीकडे पळा, वर मीटिंग. खिडकीतून म्हातारी हात पुढे करते, मी पुडी ठेवतो, सकाळी एक रात्री एक म्हणतो, तोवर मागचा कोपर मारून पुढे आलेला असतो. तिला ऐकू आलं का नाही देव जाणे.

तरी एक गोष्ट बदललेली स्वतः बघितली. बीपी नियंत्रणाचा तो केंद्राचा, आयसीएमआर आणि डब्ल्यूएचओ मिळूनचा कार्यक्रम, आयएचसीआय, महाराष्ट्रात सुरुवातीला सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांत आला. त्याआधी बीपीचा पेशंट आला की आठ दिवसांच्या गोळ्या, त्याही असल्या तर, आणि दर वेळी वेगळी. आता ठरलेली दोनतीन औषधं, कधी कुठली वाढवायची ते पायरीपायरीने कागदावर, महिन्याच्या गोळ्या एकदम, आणि पेशंटचं कार्ड. तारखेला आला नाही की कोण आला नाही ते कळतं, आशाताईला सांगता येतं. आधी आम्हाला कोण येतंय तेच माहीत होतं, कोण येत नाही ते माहीतच नव्हतं. बीपीच्या कामात न येणाराच महत्त्वाचा, कारण दुखत काहीच नसतं.

पण यात माझा रोल काय, तर गोळ्या मोजून देणे. कार्डावर दोन महिने बीपी १६० च्या वर दिसतंय, पायरी वाढवायला पाहिजे हे मला दिसतं, कागदावर लिहिलेलंही आहे. मी वाढवू शकत नाही, ते बरोबरच आहे म्हणा. साहेब त्या दिवशी ट्रेनिंगला. पेशंट तीच गोळी घेऊन परत जातो.

अर्धवट_औषधी

फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) चौथ्या वर्षाला आहे. सहा वर्षांचा कोर्स, २००८ मध्ये फार्मसी कौन्सिलने चालू केला. आम्ही वॉर्डात राउंडला जातो, केसेस लिहितो, इंटरॅक्शन काढतो, हे सगळं शिकतो जे ताई करताहेत. आणि पास झाल्यावर? आमचे सीनियर फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी), मेडिकल रायटिंग, मेडिकल कोडिंग, नाहीतर परदेश. प्रा.आ. केंद्रात जायचं तर डी.फार्म. वाल्याचीच पोस्ट, काम वर माणदेशी काकांनी सांगितलं ते. २०१५ च्या प्रॅक्टिस रेग्युलेशनमध्ये लिहिलंय की फार्मासिस्टने पेशंटला काउन्सेलिंग करायचं. कागदावर आहे सगळं.

डॉ. साहेब, राउंडला आम्हाला कोपऱ्यात उभं करतात आणि नावापुढे डॉ. लावता का रे म्हणून चिडवतात, ते सोडून एखाद्या क्लिनिकमध्ये आम्हाला बसवून तरी बघा ना.

डॉ. पारिजातक

@अर्धवट_औषधी, या की नाशिकला. आठवड्यातून एक दुपार शुगरवाल्यांसाठी ठेवली आहे, औषधांच्या याद्या करायला माणूस हवाच आहे. चिडवणार नाही. चहा मिळेल, स्टायपेंडचं बघू.

@माणदेशी, तुमचा प्रतिसाद वाचून माझं थोडं मत बदललं. जिथे पायऱ्या छापील आहेत आणि डॉक्टर जागेवर नाही तिथे फोनवर विचारून एक पायरी वाढवायची मुभा असायला हरकत नसावी. माझा आक्षेप स्वैर अधिकाराला आहे, बांधलेल्या प्रोटोकॉलला नाही.

वऱ्हाडी केमिस्ट

अकोल्याले मेडिकल आहे आपलं. डॉक्टर साहेब मेडिकलवाल्याले शिव्या देऊन राहिले, त्यातलं अर्धं खरं आहे. सर्टिफिकेट भाड्याने घेऊन दुकान चालवणारे आहेत, फार्मासिस्टचा फोटो भिंतीवर आणि काउंटरवर बारावी नापास पोरगा. त्यायच्यामुळे बाकीचे बदनाम.

पण मी स्वतः दुकानात बसतो. नेहमीच्या गिऱ्हाइकायची डायरी आहे माझ्यापाशी, कोणाले कोणती गोळी, कोणत्या महिन्यात घेतली नाही. एक मास्तर दोन डॉक्टरच्या चिठ्ठ्या घेऊन आले, एकीवर टेल्मा, दुसरीवर टेल्मिकाइंड. दोन्ही बीपीची टेल्मिसार्टनच आहे ना बाप्पा. मी दोन्ही डॉक्टरले फोन लावला. एकाने धन्यवाद म्हटलं, दुसऱ्याने म्हटलं तू तुझं काम कर. आता सांगा, या फोनचे पैसे कोण देते? गिऱ्हाईक विचारते ऑनलाइनवर वीस टक्के सूट आहे, तुम्ही किती देता. समजावून सांगाले दहा मिनिटं घेतली तर मागचा म्हणते लवकर करा भाऊ. दुकान गोळ्या विकूनच चालते, गोळी कमी करा म्हणणारा फार्मासिस्ट दुकानात कसा परवडणार? ताईले पगार आहे म्हणून जमते.

कृष्णाकाठ

वऱ्हाडी, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. मी दुकानात होते तेव्हाही मला हेच सगळं येत होतं. फरक माझ्या शिक्षणात फारसा नाही, फरक तीन गोष्टींत आहे, रेकॉर्ड दिसतं, बदलायचा अधिकार आहे, आणि माझा पगार किती पाकिटं गेली यावर नाही. यातली एक काढा, मी परत मेसेजवर इनहेलर बदलणारी होईन किंवा खिडकीतून पुडी देणारी (माणदेशी, राग मानू नका).

आपल्याकडे मला सगळ्यात जास्त अडचण पहिलीची वाटते. डिग्री आहे, पोरं हुशार आहेत, पण रेकॉर्ड म्हणजे काय तर पेशंटच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी.

लॉस एंजलिसकर

पैशाच्या प्रश्नावर, नॉर्थ कॅरोलायनात अ‍ॅशविल शहराने १९९० च्या दशकात एक प्रयोग केला होता. शहराच्या कर्मचाऱ्यांत ज्यांना डायबिटीस, त्यांनी गावातल्या दुकानातल्या फार्मासिस्टला ठरावीक दिवसांनी भेटायचं, त्या भेटीचे पैसे फार्मासिस्टला नगरपालिका देणार, आणि भेटीला येत राहिलं तर कर्मचाऱ्याला औषधाचे पैसे माफ. एचबीएवनसी सुधारलं, एकूण वैद्यकीय खर्चही उतरला. रँडमाइज्ड नव्हता, त्यामुळे फार उड्या मारू नयेत, पण दुकानातल्या माणसाला विक्री सोडून वेगळे पैसे देता येतात एवढं तरी दिसलं.

मुग्धा_पुणे

सगळ्यांचं वाचलं. मला वैयक्तिक सल्ला नको ताई, पण पद्धत सांगा. बाबा ७४, कोथरूडला एकटे राहतात, मी बंगळूरला. हृदयाचे डॉक्टर, शुगरचे डॉक्टर, गुडघ्याचे डॉक्टर, शिवाय शेजारच्या काकांनी दिलेला काढा. डबा भरून गोळ्या. परवा नवरात्रात नऊ दिवस उपवास केला, वर शुगरच्या गोळ्या सगळ्या वेळेवर घेतल्या म्हणून अभिमानाने सांगत होते. पाचव्या दिवशी देवळात घाम येऊन बसले. तिथल्या गुरुजींनी साखर दिली म्हणून निभावलं.

कृष्णाकाठ

हे फार महत्त्वाचं आहे. गोळ्यांत ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड आहे का बघा, आपल्याकडे बहुतेक वेळा मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असते त्यामुळे लक्षात येत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर एकदम पडण्याची भीती कमी, पण ही दुसरी खाणं झालेलं असो नसो, साखर खाली ओढते. उपवासाच्या आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यायचा असतो. इथे रमझानच्या आधी आमच्याकडे त्यासाठी खास अपॉइंटमेंटा असतात. आपल्याकडे चातुर्मास, एकादश्या, नवरात्र, संकष्टी, उपवास कमी का आहेत? आणि एकदा असं झालंय म्हणजे पुढच्या एकादशीपर्यंत थांबू नका, शुगरच्या डॉक्टरांना या आठवड्यातच सांगा. उपवासाला साबुदाणा खिचडी खाणाऱ्यांची साखर चढते तो प्रश्न वेगळाच.

पद्धत अशी: पुढच्या वेळी पुण्याला गेलात की घरातली सगळी औषधं टेबलावर ओता. डब्यातली, फ्रिजमधली, उशीजवळची, काढा, चूर्ण, डोळ्यात घालायचे थेंब, गुडघ्याला लावायचं मलम सगळं. ब्रँड न बघता त्याखालचं बारीक अक्षरातलं नाव लिहा. एकच नाव दोनदा येतंय का बघा. प्रत्येकापुढे बाबांना विचारा हे कशासाठी, आणि ते काय म्हणतात ते तसंच लिहा, माहीत नाही म्हणाले तरी तसंच. खरंच रोज घेतात का हेही, रागावून नाही. मग शेवटचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) कधी झालं ते शोधा. हा एक कागद घेऊन एकाच डॉक्टरकडे जा, शक्यतो जो सगळ्यात जुना आहे त्याच्याकडे. स्वतः काही बंद करू नका, अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, बीटा ब्लॉकर तर अजिबात नाही.

आणि गुडघ्याच्या गोळीकडे आधी बघा. बीपीची टेल्मिसार्टन, सोबत पाणी काढायची गोळी आणि त्यावर दुखण्याची डायक्लोफेनॅक किंवा असिक्लोफेनॅक, हे तिघं एकत्र आले की किडनीची वाट लागू शकते, उन्हाळ्यात जुलाब लागले असतील तर जास्तच.

गुळपोळी

हे प्रिंट काढून फ्रिजवर लावणार आहे.

माणदेशी

ताई, जुलाब-उलटीवरून आठवलं. आमच्याकडे मार्च ते मे टँकर चालू असतात, पाण्याचे हाल, जुलाबाच्या साथी, आणि बीपी-शुगरवाले गोळ्या तशाच घेत राहतात. तुमच्याकडे त्याचं काही कार्ड असतं म्हणे. मराठीत चार ओळी लिहून द्या, साहेबांना दाखवतो, चालत असेल तर बीपीच्या कार्डाला स्टेपल करतो. एवढं तर माझ्या खिडकीतून जमेल.

कृष्णाकाठ

हो, सिक डे कार्ड (आजारपणाच्या दिवसांत कुठल्या गोळ्या थांबवायच्या त्याचं). कच्चा मसुदा:

"उलट्या, जुलाब किंवा जास्त ताप येऊन खाणंपिणं बंद झालं, तर या गोळ्या तेवढ्या दिवसांपुरत्या थांबवाव्या लागतात: (इथे त्या पेशंटच्या गोळ्यांची नावं हाताने लिहा). त्याच दिवशी दवाखान्याला कळवा. पाणी, ओआरएस घोट घोट घेत राहा. दुखण्याच्या गोळ्या दुकानातून आणून घेऊ नका. नीट जेवण-पाणी चालू झाल्यावर एक-दोन दिवसांत गोळ्या परत सुरू करा. विसरू नका."

नावांच्या जागी सहसा मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल जातीच्या, पाणी काढायच्या, आणि शुगरची डापाग्लिफ्लोझिन वगैरे. अ‍ॅम्लोडिपिनचा यात समावेश नसतो. सरसकट छापू नका, नावं हाताने लिहिलेलीच बरी.

वऱ्हाडी केमिस्ट

मी पण छापतो दुकानात. "परत सुरू करा" हे मोठ्या अक्षरात पाहिजे, आपल्याकडे एकदा बंद झालेली गोळी मग पुढच्या अटॅकपर्यंत बंदच राहते.

डॉ. पारिजातक

मसुदा ठीक आहे, दोन दुरुस्त्या. हार्ट फेल्युअरच्या पेशंटला हे कार्ड देऊ नका, त्याची पाण्याची गोळी त्याने स्वतःच्या मनाने थांबवायची नाही, त्याने फोनच करायचा. आणि इन्सुलिनवाल्यांसाठी वेगळी ओळ घाला: जेवण जात नसलं तरी इन्सुलिन आपल्या मनाने पूर्ण बंद करायचं नाही, साखर तपासून डोस विचारायचा. खाली दवाखान्याचा फोन नंबर लिहायला जागा ठेवा, ती रिकामी सोडलीत तर कार्डाचा उपयोग नाही.

माणदेशी

दोन्ही घालतो. नंबर कोणाचा टाकू ते साहेबांना विचारून सांगतो, केंद्राचा लँडलाइन बंद आहे.